स्वैपाकघरातील हवा आणि चुलीची निवड



या व्यासपीठावरून राज्यकारभार, इतिहास, अर्थशास्त्र, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. आम्ही 'चूल' हा विषय सुचविला, तेव्हा चिटणीसांनी जरा थांबून विचारले, "म्हणजे ग्रामीण इंधनाचा प्रश्न, असं छापायचं का?" आम्ही म्हटले, "तसं नको. चूल म्हणजे चूलच. जिच्यावर आज सकाळी तुमचा चहा झाला ती." त्यांनी हसून होकार दिला. आज सभागृहात पाहतो तो पुढच्या चार रांगा भगिनींनी भरल्या आहेत आणि पुरुषमंडळी मागे दाराशी उभी आहेत. हा विषय कोणाचा, याबद्दल लोकांची जी समजूत आहे ती यावरून दिसतेच. चुलीपाशी कोण उभे राहते हा एक प्रश्न, आणि कोणती चूल आणायची हे कोण ठरवितो हा दुसरा. बहुतेक घरांत या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असतात. आमच्या घरीही ती वेगळीच होती, म्हणून तर हे व्याख्यान.

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरचा ओटा खचला. नवा बांधायचे ठरले आणि मतभेद सुरू झाले. मुलाला चार बर्नरची, काचेची, चकचकीत गॅसची शेगडी हवी होती. आमच्या सौ. म्हणाल्या, आहे ती दोन बर्नरची वीस वर्षे चालली आहे, तिने कोणाचे घोडे मारले? सूनबाई काही बोलल्या नाहीत. गवंडी मापे घेऊन गेल्यावर मात्र त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, फोडणी टाकली की छकुलीची छाती वाजायला लागते. ती तिथंच टेबलाशी अभ्यास करते ना. मी डॉक्टरांना सांगितलंय. पण ओट्याचं ठरवताना मला कोणी विचारलंच नाही."

आम्ही एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. ज्वलनाला प्राणवायू लागतो, ज्वलनातून वायू आणि वाफ निघते, हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिले त्याची गणती नाही. पण ती निघालेली वाफ आणि तो वायू आमच्याच स्वैपाकघरात कोठे जातो, हे पाहायला आम्ही कधी तासभर तेथे उभे राहिलो नव्हतो. नात धापा टाकते हे आम्हांला माहीत होते. पण ती केव्हा टाकते, हे माहीत नव्हते. ही कबुली प्रथमच देऊन ठेवलेली बरी.

आणि हे अज्ञान आमच्या घरी नवे नाही. आमचे लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. स्वैपाकघर म्हणजे मागची अंधारी खोली, एक वीतभर झरोका, आणि कोपऱ्यात चूल. चुलीला वैल होता, त्यावर आमटी खदखदत असे. जळण म्हणजे तुराट्या, गोवऱ्या, पावसाळ्यात ओली लाकडे. आई फुंकणी घेऊन बसली की धूर आधी तिच्या तोंडावर येई आणि मग आढ्याकडे जाई. वडिलांनी पुढे सोपा बांधला, बैठकीला फरशी घातली, पण धुराडे बसविले नाही. ते म्हणत, धुराने आढ्याला वाळवी लागत नाही. ते खरेही होते. लाकूड सुरक्षित राहिले. आईला मात्र चाळिशीतच खोकला जडला आणि पन्नाशीनंतर दम लागू लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासून वडिलांना विचारले, "या विडी ओढतात का?" वडिलांना तो अपमान वाटला. आई मात्र हसली आणि म्हणाली, "डॉक्टर, विडी कशाला? चूल ओढतेय की तीस वर्षं."

त्या बिचारीला ठाऊक नव्हते की, तिने विनोदाने सांगितलेली गोष्ट पुढे शास्त्रज्ञ मोजून सांगणार आहेत. १९८१ साली कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ गुजरातच्या खेड्यांत आले. त्यांनी तेथील सहकाऱ्यांसमवेत स्वैपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच लहान यंत्रे बांधून त्यांच्या श्वासाजवळची हवा मोजली. हे काम १९८३ साली प्रसिद्ध झाले. तोपर्यंत प्रदूषण म्हटले की गिरणीचे धुराडे आणि मोटारी एवढेच लोकांच्या डोळ्यांपुढे येई. या मंडळींना चुलीजवळच्या हवेत दर घनमीटरला धुळीचे हजारो मायक्रोग्रॅम मिळाले. त्यांनी सर्व आकारांची धूळ मोजली होती. आज आपण मोजतो ती अडीच मायक्रॉनहून बारीक, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी. तेव्हा आकड्याला आकडा लावून तुलना करू नये. तरीही अंदाज यावा म्हणून सांगतो : या बारीक कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली घातलेली वार्षिक सरासरीची मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, आणि आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली ४०. कोठे चाळीस आणि कोठे हजार! त्याच संघटनेच्या हिशेबाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मेली, आणि त्यांत दोन लाखांहून अधिक मुले पाच वर्षांच्या आतली होती. निर्धूर चूल ही कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाची मंडळी काम करीत होती, तेथली 'मगन चूल' जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९५३ साली हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी निर्धूर स्वैपाकघरावर एक पुस्तिकाच प्रसिद्ध केली. पुढे १९८३ पासून केंद्र सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो थांबला, तोपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या होत्या.

तीन कोटी चुली! मग धूर का गेला नाही? याचे एक उत्तर ओडिशात मिळाले. तेथे धुराडे असलेल्या सुधारलेल्या चुली वाटून चार वर्षे त्यांचा पाठपुरावा करण्यात आला. या अभ्यासात एस्थर डुफ्लो होत्या, ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. नंतर तो फायदा नाहीसा झाला. चुली फुटल्या, धुराडी काजळीने तुंबली, कोणी साफ केली नाहीत, आणि बायका पुन्हा जुन्या चुलीकडे वळल्या. यात बायकांचा दोष काढणे सोपे आहे. आम्हांला तो काढवत नाही. रोज पहाटे उठून जिला माणसांच्या आणि गुरांच्या मागे धावायचे आहे, तिने धुराड्याच्या नळीत काठी केव्हा घालावी? वस्तू निवडताना ती वापरणारीचा दिवस कसा जातो हे पाहिले नाही, तर तिचे असेच होते.

म्हणून धुराडे कुचकामाचे असते काय? मुळीच नाही. चीनमध्ये युनान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तेथे घरात उघड्या खड्ड्यात दगडी कोळसा जाळण्याची रीत होती, आणि विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे होते. पुढे घरोघरी धुराडी बसली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, धुराडे बसविलेल्या घरांत या कर्करोगाचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला होता. कोळसा तोच, घर तेच, बाई तीच. फक्त धुराला बाहेर जायला वाट मिळाली. हे उदाहरण कृपा करून लक्षात ठेवा. आपल्या गॅसच्या ओट्याशी आल्यावर त्याची आठवण आम्ही पुन्हा करून देणार आहोत.

आता गॅस. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ साली आला. त्याच्या अगोदर आणि नंतरही कितीतरी वर्षे मध्यमवर्गीय घरात कोळशाची शेगडी, वातीचा स्टोव्ह आणि तो फुरफुरणारा पंपाचा स्टोव्ह यांचेच राज्य होते. रॉकेलच्या स्टोव्हबद्दल आमच्या पिढीत फार प्रेम आहे; परंतु घरात रॉकेल जाळू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच देऊन ठेवला आहे, तेव्हा ते प्रेम आठवणीपुरतेच ठेवावे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना निघाली. तिची आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात दिली गेली. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वैपाकाला प्रामुख्याने स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात शंभरात ५९ भरली, आणि खेड्यांत ४३.

जोडणी मिळाली म्हणजे चूल गेली असे नव्हे. गावाकडे अजूनही पाहा. चहा, पोहे, पाहुण्यांची घाई गॅसवर. भाकरी, कालवण आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, आणि जळण बांधावर फुकट असते. यातले अंघोळीचे पाणी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि ती कोणी बोलत नाही. पाच माणसांचे पाणी तापवायला जो धूर होतो, तो भाकरीच्या धुराहून कमी नसतो. ज्याला घरातला धूर घालवायचा आहे त्याने नवी शेगडी कोणती आणावी हे विचारण्याआधी, जुनी चूल कोणत्या कामासाठी घरात राहणार आहे हे विचारावे, आणि त्या कामाची सोय आधी करावी. छपरावरचा सौर बंब असेल, विजेचा असेल, अगदीच नाही तर तापवायची चूल घराबाहेर वळचणीला नेणे असेल. बाहेर नेली तर ती दाराच्या वाऱ्यावर नको. एरवी धूर दारातून पुन्हा आत येतो.

गॅस आला म्हणजे सगळे झाले का, याची एक मोठी परीक्षा अलीकडे झाली. भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत सुमारे ३२०० गरोदर स्त्रिया निवडल्या. भारतातल्या तमिळनाडूतल्या होत्या. निम्म्या घरांना गॅसची शेगडी आणि सिलिंडर फुकट पुरविले, बाकीची घरे पूर्वीप्रमाणे चुलीवर राहिली. गॅसवाल्या स्त्रियांच्या श्वासाजवळ बारीक कण घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅम भरले, चुलीवाल्यांच्या सुमारे ७०. एवढा फरक पडला! परंतु २०२२ साली निष्कर्ष आला की, बाळांच्या जन्मवजनात फरक पडला नाही. आणि २०२४ साली आला की, वर्षाच्या आतल्या मुलांच्या तीव्र न्यूमोनियातही तो दिसला नाही. गॅसचे समर्थक हे सांगायचे टाळतात. आम्ही सांगतो, कारण श्रोत्यांपासून पुरावा लपवून त्यांचे भले होत नाही. आमचे स्वतःचे मत असे की, दीड-दोन वर्षांच्या स्वच्छ हवेने जन्मभराचा धूर धुऊन निघत नाही. शिवाय शेजारच्या चुलीचा धूर आपल्या घरात यायचा थांबत नाही, आणि चोवीस हा आकडासुद्धा पाचाच्या जवळ नाही. पण हे मत आहे, सिद्धान्त नव्हे. चुलीपेक्षा गॅस बरा, हे मात्र डोळे, खोकला आणि यंत्र तिन्ही सांगतात. आमच्या आईला गॅस मिळाला असता तर आम्ही त्या निष्कर्षांची वाट पाहत बसलो नसतो.

शहरातल्या आपल्या घरांत अडचण निराळी आहे. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून माणूस निदान उठून दार उघडतो. गॅसच्या ज्योतीतून निघणारे काहीच दिसत नाही, झोंबत नाही. म्हणून आपण खिडकी लावून घेतो, कारण वाऱ्याने ज्योत फडफडते! सिलिंडरमधल्या गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. जळून गेलेल्या गॅसला तो नसतो. आम्ही सूनबाईंना पाटी घेऊन हिशेब करून दाखविला. एक किलो गॅस पुरता जाळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते, आणि त्यातून सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड व दीड लिटरहून अधिक पाण्याची वाफ बाहेर पडते. ही दोन्ही तशी निरुपद्रवी. परंतु ज्योतीच्या प्रखर उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजन आणि प्राणवायू यांचे लग्न लागते आणि नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू श्वासनलिका चिडवितो. गॅस कितीही शुद्ध असला तरी हा होतो, कारण तो इंधनातून नव्हे तर उष्णतेतून येतो. २०१३ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी प्रसिद्ध झाली, तीत गॅसवर स्वैपाक होणाऱ्या घरांतील मुलांत दम्याचा धोका ४२ टक्क्यांनी अधिक दिसला. २०२४ सालच्या दुसऱ्या मोठ्या छाननीत मात्र गॅस आणि वीज यांची तुलना करता दम्याबाबत स्पष्ट फरक निघाला नाही. न्यूमोनिया आणि फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा धोका मात्र गॅसच्या बाजूला थोडा अधिक निघाला. लाकूड-कोळशापेक्षा गॅस चांगला, हे त्याही छाननीने सांगितले. थोडक्यात, पंडितांत अजून एकवाक्यता नाही. पण ज्या घरात आधीच एक मूल धापा टाकते आहे, त्या घराने पंडितांचे एकमत होईपर्यंत थांबावे काय?

ज्योत कशी ओळखावी हे येथे सांगून टाकतो. निळी, आखूड, स्थिर ज्योत चांगली. पिवळी, लांब, डुलणारी ज्योत दिसली, भांड्याचे बूड काळे होऊ लागले, की समजावे हवा कमी पडते आहे. बर्नरच्या भोकांत उतू गेलेले दूध बसले आहे, किंवा खालची हवेची वाट तेलकट धुळीने बुजली आहे. अशा ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरने माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, त्या याच वायूच्या. थंडीत खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दारे लावणारे याच वायूने मरतात. (मीठ किंवा पिठाची भुकटी उडून ज्योत क्षणभर नारिंगी झाली तर घाबरू नये. तो निराळा प्रकार.)

इतका वेळ आम्ही जळणाबद्दल बोललो. पण सूनबाईंनी तक्रार केली होती ती फोडणीची, आणि त्यांचे निरीक्षण आमच्या पाटीवरच्या हिशेबापेक्षा पुढे होते. बाजारात हवेतले बारीक कण मोजणारी लहान यंत्रे मिळतात. एका मित्राकडून आम्ही तसले एक आठवडाभर मागून आणले आणि ओट्यापासून चार हातांवर ठेवले. कुकर लावला, दूध तापविले, तर आकडा फारसा हलत नसे. कढईत तेल तापून मोहरी तडतडली की तो एकदम उसळे, आणि पापड-मिरच्या तळल्या की पाऊण तास खाली येत नसे. चूल बदलली तरी कढई तीच! तापलेल्या तेलाच्या धुरात काय असते हा स्वतंत्र विषय आहे; एवढेच सांगतो की, फार तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले आहे. घरातल्या लाकूडफाट्याच्या धुराचाही वर्ग तोच. तेव्हा विजेची शेगडी आणली की हवा आपोआप स्वच्छ होईल, अशी जी सूनबाईंची आशा होती ती आम्हांला अर्धी मोडावी लागली. ज्योतीचा वायू जाईल, कढईचा धूर जाणार नाही.

तरीही विजेची, म्हणजे इंडक्शनची शेगडी आमच्या मते आज शहरी घराने गांभीर्याने विचारात घ्यावी अशी वस्तू आहे. काचेखालच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो, त्याने भांड्याच्या बुडातच प्रवाह निर्माण होऊन बूड तापते. म्हणून भांड्यात लोखंड हवे. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ चालत नाही. स्टेल काही चालते, काही नाही. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तर भांडे चालेल, हीच परीक्षा. याचसाठी आम्ही जाहिरातीत लिहिले होते की, येताना घरचे एखादे भांडे घेऊन यावे.

खर्चाचे विचाराल तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅसची शेगडी त्यातली पंचावन्न ते अडुसष्ट टक्के भांड्यात उतरविते असे धरले, आणि इंडक्शन सुमारे ८५ टक्के उतरविते असे धरले, तर एका सिलिंडरचे काम विजेच्या १२० ते १४५ युनिटांत होते. आपल्या बिलावरच्या शेवटच्या पायरीचा दर घ्या, गुणाकार करा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. उत्तर प्रत्येक घराचे वेगळे येईल, म्हणून आम्ही ते सांगत नाही.

तोटे आहेत. वीज गेली की बसा हात चोळीत. दोन हजार वॅटची शेगडी पंख्याच्या प्लगवर चालत नाही, १६ अँपिअरचा प्लग आणि तशी तार लागते. जुन्या चाळीत आणि वाड्यांत ती आधी तपासून घ्यावी. गोल बुडाची कढई बसत नाही. वांगे भाजता येत नाही. भाकरी तव्यावर होते, पण तव्यावरून काढून विस्तवावर फुगविण्याचे सुख त्यात नाही, आणि ज्याला ते सुख नको त्याने मराठी म्हणवून घेऊ नये, असे आमच्या सौ.चे ठाम मत आहे. पण एक फायदा असा निघाला की जो आम्हां कोणाच्याच लक्षात आला नव्हता. गॅस पेटला की ज्योतीसाठी पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात बायका पंखा बंद करून पोळ्या लाटतात, आणि आपण बाहेर पंख्याखाली बसून त्यांची वाट पाहतो. इंडक्शनवर पंखा चालू ठेवता येतो. सौ.नी पोळ्यांपुरती ती मान्य केली, ती या एका कारणासाठी.

राहिली धुराला वाट देण्याची गोष्ट. शुआनवेईची आठवण करून देऊ असे आम्ही म्हटले होते ती येथे. आठ वर्षांपूर्वी आम्ही एका दुकानातून ओट्यावर लावायची 'चिमणी' आणली होती. दुकानदार म्हणाला, "हिला बाहेर नळी काढावी लागत नाही, भिंत फोडायला नको." आम्ही, विज्ञानाचे शिक्षक, खूश होऊन घरी आलो! आत तेल अडविणारी जाळी आणि कोळशाची चकती होती. हवा एका बाजूने ओढायची आणि दुसऱ्या बाजूने त्याच खोलीत सोडायची, असा तिचा कारभार. थोडे तेल आणि थोडा वास अडे. वाफ आणि वायू बहुतेक जसेच्या तसे परत येत. आठ वर्षे ती घरघरत होती आणि आठ वर्षे आम्ही समजत होतो की, आपल्या घरी चिमणी आहे. नातीचे वय सात आहे.

तेव्हा नळी भिंतीबाहेर जाते की नाही, हा पहिला प्रश्न. चिमणीला पैसे नसले तर ओट्याच्या वर, उंचावर, बाहेर फेकणारा साधा पंखाही चालतो. पण पंख्याला जितकी हवा बाहेर टाकायची तितकी आत यायला हवी. दार-खिडकी घट्ट लावून पंखा लावला तर तो नुसता आवाज करतो. आणि पंख्याला लागून असलेली खिडकी उघडी ठेवली तर पंखा त्या खिडकीतलीच हवा ओढून बाहेर टाकतो, ओट्यावरचा धूर जागच्या जागी राहतो. हवा समोरच्या बाजूने, दाराकडून यावी, शेगडीवरून जावी आणि बाहेर पडावी. तळण सुरू होण्याआधी पंखा लावावा आणि संपल्यावर पंधरा मिनिटे ठेवावा. वाट बरोबर आहे की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. कुकर चढला असताना शेगडीपासून हातभर अंतरावर उदबत्ती धरा आणि तिचा धूर कोणीकडे वळतो ते पाहा. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे मिरचीची फोडणी. ठसका आधी कोणत्या खोलीत लागतो, ते विचारा. आमच्याकडे तो बैठकीत लागत असे.

शेवटी आमच्या ओट्याचे काय झाले? चार बर्नरची शेगडी आली नाही. दोन बर्नरची गॅसची राहिली, बर्नर साफ करून घेतले, आणि तिच्या शेजारी इंडक्शनची एक आली. दूध, चहा, कुकर, पोळ्या विजेवर. फोडणी, भाकरी आणि वांगे ज्योतीवर, पण पंखा चालू करून. भिंतीला भोक पाडले. ते पाडल्यावर कळले की, नळीचे तोंड शेजारच्या वहिनींच्या खिडकीसमोर येते. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी खिडकी लावून घेतली. मग नळी वळवून छपरापर्यंत नेली, आणि तिचा खर्च शेगडीपेक्षा अधिक आला. तो आम्ही मुलाच्या काचेच्या शेगडीच्या पैशांतून वळता केला. छकुलीचे अभ्यासाचे टेबल बैठकीत हलविले. यापैकी कोणत्या गोष्टीला एक पैसाही लागला नाही ते आपल्या लक्षात आलेच असेल. ती आठ वर्षे कोणालाच सुचली नव्हती.

नातीचा दमा गेला का, असे कोणी विचारील. पाच-सहा महिन्यांवरून तसे म्हणणे धाडसाचे होईल. औषध चालू आहे आणि ते डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालूच राहील. सूनबाई एवढेच म्हणतात की, स्वैपाकाच्या वेळी तिची छाती पूर्वीसारखी वाजत नाही.

 बाहेर मेजावर चार लोहचुंबक ठेवले आहेत. पिशवीत कुकर आणि तवे घेऊन आलेल्या बऱ्याच भगिनी येथून दिसत आहेत, त्यांनी आधी यावे. दाराशी उभी असलेली पुरुषमंडळी त्यांना जरा वाट देतील काय?